गारद्याच्या बंदुकीचा धर्म

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा आठ दिवस आमच्याकडे राहायला होता. बारावीचं वर्ष, तरी लॅपटॉप सोबत होताच. एका रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतून तोफांचे आवाज येत होते. रागवायला म्हणून गेलो आणि तासभर तिथंच बसून राहिलो. पडद्यावर हिंदुस्थानचा नकाशा होता, साल १७०० होतं आणि तो मराठ्यांच्या बाजूने खेळत होता.

खेळाचं नाव ‘एम्पायर: टोटल वॉर’. मार्च २००९मध्ये आलेला हा खेळ तसा जुना आहे, पण त्याचे चाहते अजून टिकून आहेत. अठराव्या शतकातली एक सत्ता निवडायची, राज्य वाढवायचं, सैन्य उभारायचं आणि लढाया स्वतः लढवायच्या. निवडता येणाऱ्या सत्तांत ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया, उस्मानी साम्राज्य आहे, आणि आपल्याकडची एकच सत्ता आहे, ती म्हणजे मराठे. मुघल नकाशावर आहेत, त्यांच्याशी लढता येतं, पण त्यांच्या बाजूने खेळण्याची सोय कंपनीने दिलेली नव्हती.

भाच्याने मला आपलं सैन्य दाखवलं. बंदूकधारी पायदळाच्या एका तुकडीवर त्याने बाण नेला. नाव आलं, ‘हिंदू मस्केटियर्स’. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मामू, इसमें अपन किधर है?”

प्रश्न हसत विचारला होता. मला मात्र हसू आलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते त्या पडद्यावर कुठंच नव्हतं.

खेळणारेच दुरुस्ती करतात तेव्हा

ज्यांना या खेळांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कंपनीने तयार केलेल्या खेळात खेळणाऱ्यांनी आपल्या हाताने केलेल्या बदलाला ‘मॉड’ म्हणतात. १९९३मध्ये ‘डूम’ नावाचा खेळ आला. त्यात खेळाचं यंत्र वेगळं आणि नकाशे, चित्रं, आवाज यांची फाईल वेगळी ठेवली होती. त्यामुळे जगभरातली पोरं ती फाईल बदलून आपापले नकाशे आणि हत्यारं घालू लागली. १९९९मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळावर चाहत्यांनी रचलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ पुढे स्वतंत्र खेळ म्हणून जगभर खेळला गेला. मॉडच्या या दुनियेत बंदुकांची हौस पहिल्यापासून मोठी. कुणी महायुद्धातली रायफल घालतो, कुणी नेपोलियनच्या काळातली.

इतिहासावरच्या खेळांत या हौसेला वेगळं वळण लागलं. २००४च्या ‘रोम: टोटल वॉर’ची मोहीम इसवी सनापूर्वी २७०मध्ये सुरू होते. तेव्हा मिसरवर टॉलेमी घराण्याची ग्रीक धाटणीची राजवट होती. खेळातलं मिसरी सैन्य मात्र हजार वर्षांपूर्वीच्या फराओंच्या काळातलं. चाहते चिडले. ‘रोम: टोटल रिअ‍ॅलिझम’ आणि ‘युरोपा बार्बारोरम’ असे मोठे मॉड त्यातून आले. बिनपगारी, रात्री जागून, ग्रंथालयं धुंडाळून लोकांनी एका खेळातला इतिहास दुरुस्त केला.

‘एम्पायर’चंही तेच झालं. चाहत्यांनी सुरुवातीची फाईल उघडली आणि मुघलांसह बंद ठेवलेल्या सत्ता खेळण्यासाठी मोकळ्या केल्या. ‘दार्थमॉड’सारख्या मॉडने लढाईची चाल, बंदुकांचा पल्ला, सैनिकांचा धीर, सगळंच नव्याने बसवलं. हे सगळं मला भाच्याने सांगितलं. मी त्याला म्हणालो, “मग तू एक तुकडी घाल. गारद्यांची.”

“गारदी म्हणजे ते नारायणरावाला मारणारे?”

मराठी शाळेत शिकलेल्या पोराला गारदी म्हटलं की शनिवारवाडाच आठवणार. त्याला म्हटलं, तेही गारदीच, पण गोष्ट बारा वर्षं आधीपासून सुरू करावी लागेल.

बंदूक घालायची म्हणजे काय करायचं

मॉडमध्ये नवी तुकडी घालणं हे बरंचसं तक्ता भरण्याचं काम आहे. जुन्या तुकडीची ओळ उचलायची, तिला नवं नाव द्यायचं आणि एकेका रकान्यात आकडे भरायचे. गोळीचा पल्ला किती, नेम किती, बंदूक पुन्हा भरायला वेळ किती, जवळ दारूगोळा किती, सैनिकांचा धीर किती, तुकडी उभारायला खर्च किती आणि ती पोसायला दर फेरीला खर्च किती. मग गणवेशाचं चित्र रंगवायचं आणि शेवटी चार ओळींचं वर्णन लिहायचं. अगदी नवा साचा घडवणं किचकट, म्हणून बरेच जण आहे त्याच सैनिकावर नवे कपडे चढवतात.

पहिल्याच रकान्याला आम्ही अडलो. बंदूक कोणती?

आपल्याकडे शतकानुशतकं चालली ती तोड्याची बंदूक. लांब नळी, बाजूला रंजक ठेवण्याची वाटी आणि चापाला अडकवलेला जळता तोडा. चाप ओढला की तोड्याचं टोक रंजकावर टेकतं आणि बार उडतो. पावसात ती निकामी, रात्री तोड्याचा निखारा शत्रूला दिसतो आणि जळता तोडा घेऊन दारूजवळ वावरायचं म्हणजे जिवाशी खेळ. त्यानंतरची चकमकीची बंदूक. तिच्या चापात गारेचा तुकडा असतो, तो पोलादावर आदळून ठिणगी पाडतो. तोडा पेटता ठेवायची कटकट नाही, म्हणून माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहू शकतात आणि एकदम बार काढू शकतात. कवायत पक्की असेल तर मिनिटाला दोन-तीन बार निघतात. नळीच्या टोकाला संगीन बसवली की तीच बंदूक भाला होते.

मग हिंदुस्थानी शिपाई तोड्याच्या बंदुकीला इतकी वर्षं चिकटून का राहिला? खेळांत याचं उत्तर ठरलेलं असतं, की तो मागासलेला होता. शिडीसारखा एक तक्ता असतो, त्यात युरोपचं प्रत्येक पाऊल वरची पायरी. खरं कारण व्यवहाराचं होतं. तोड्याच्या बंदुकीला चांगली गार लागत नाही आणि पोलादी स्प्रिंगही लागत नाही. बिघडली तर गावचा लोहार दुरुस्त करतो. आपल्याकडच्या लांब, जाड नळ्या मजबूत होत्या आणि एकट्यादुकट्या नेमबाजाच्या हातात त्या उत्तम चालत. नळी घडवण्यात इथले कारागीर कुणाला हार जाणारे नव्हते. अकबराच्या बंदूकखान्यात एका वेळी सोळा नळ्या साफ करणारं, बैलाने फिरवायचं यंत्र होतं, असं ‘आईन-ए-अकबरी’ सांगतं.

म्हणजे उणीव कारागिरीची नव्हती. चकमकीची बंदूक, संगीन, कवायत आणि दरमहा पगार या चार गोष्टी एकत्र आल्या तरच रांगेने लढणारी पलटण तयार होते. अठराव्या शतकाच्या मध्यात हे चारही दख्खनमध्ये एकत्र आले. फ्रेंच सेनापती बुसी निजामाच्या दरबारी होता. त्याच्या हाताखाली कवायत शिकलेल्या देशी शिपायांना लोक गारदी म्हणू लागले. हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला असं काही म्हणतात, तर काही त्याचा संबंध ‘पश्चिमेकडचा’ या अर्थाच्या अरबी ‘गर्बी’शी जोडतात.

त्या गारद्यांतला सर्वांत नामांकित सरदार म्हणजे इब्राहिम खान.

पानिपतची डावी बाजू

इब्राहिम खान गारदी आधी निजामाकडे होता, नंतर पेशव्यांकडे आला. १७६०च्या सुरुवातीला उदगीरला निजामाविरुद्ध सदाशिवरावभाऊंना जो विजय मिळाला, त्यानंतर त्याच्या तोफखान्यावर आणि पलटणींवर भाऊंचा भरवसा पक्का बसला. उत्तरेच्या मोहिमेत तो सोबत होता. त्याच्या शिपायांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो.

१४ जानेवारी १७६१. पानिपतवर इब्राहिम खान डाव्या बाजूला, समोर रोहिले. त्या दिवसाची हकिकत लिहून ठेवणाऱ्यांत काशीराज पंडित होता. तो दख्खनी ब्राह्मण, नोकरी अवधच्या शुजाउद्दौलाकडे, म्हणजे अब्दालीच्या गोटात, आणि त्याची बखर फारसीत. त्याने लिहिलेला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. लढाई सुरू होण्याआधी इब्राहिम खान भाऊंकडे आला. माझ्या माणसांचा दरमहा पगार रोख मागतो म्हणून आपण अनेकदा माझ्यावर नाराज झालात, आताही पगार थकलेला आहे, पण ते राहू द्या, आज मी माझं देणं फेडतो, अशा अर्थाचं तो बोलला आणि आपल्या जागी परतला.

पुढे त्याने बंदुका थांबवून संगिनी चढवायला लावल्या आणि दुंदेखानाच्या रोहिल्यांवर चाल केली. रोहिल्यांची प्रचंड हानी झाली. त्याच्या स्वतःच्याही पलटणी जवळपास संपल्या. त्याला भाल्याच्या जखमा झाल्या, गोळी लागली. तो जिवंत सापडला. शुजाउद्दौलाने त्याला आपल्या छावणीत आसरा देण्याचा प्रयत्न केला, पण अब्दालीच्या माणसांनी तो मागून घेतला आणि काही दिवसांतच कैदेत त्याचा अंत झाला. मुसलमान असून मराठ्यांकडून लढला, हा त्याचा गुन्हा होता.

आता तक्त्याकडे परत येऊ. तुकडी पोसण्याचा खर्च किती, असा एक रकाना आहे. भाच्याने तिथं मोठा आकडा घातला. बरोबरच होतं. सरंजामावर चालणाऱ्या घोडदळाला रोख पगार लागत नसे. गारद्याला दरमहा नगद लागत होता आणि सरदारांना ते खुपत होतं. त्याखालचा रकाना होता धीराचा. पगारी शिपाई म्हणून त्याने आधी मधला आकडा घातला होता. काशीराजाची हकिकत ऐकल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला, मग तो आकडा त्याने खोडला आणि वरचा घातला. मी काही सुचवलं नव्हतं.

त्या रात्री आम्ही पानिपतसारखी मांडणी करून एक लढाई लढवली. त्याने घोडदळ उतावीळपणे गारद्यांच्या पुढे नेलं आणि गारद्यांच्या बंदुका थांबल्या. समोर आपलीच माणसं असली की या खेळात बंदूकधारी गोळी झाडत नाहीत. तो वैतागला. मी त्याला सांगितलं की पानिपतच्या पराभवाची जी कारणं सांगितली जातात, त्यांत हेही आहे. भाऊंना गारद्यांच्या आधाराने गोल बांधून लढायचं होतं, काही सरदारांच्या घोडदळाने गोल मोडला. पुस्तकात चारदा वाचून जे कळत नाही, ते त्याला तिथं एका हरलेल्या डावात कळलं.

नाव बदललं की इतिहास बदलतो

आता त्या ‘हिंदू मस्केटियर्स’ नावाकडे येतो. खेळ बनवणाऱ्यांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणणार नाही. त्यांना सोपी खूण हवी होती. मराठे म्हणजे हिंदू, मुघल म्हणजे मुसलमान, म्हणून सैन्याचीही तशीच वाटणी. ही वाटणी त्यांनी स्वतः शोधलेली नाही. हिंदुस्थानचा इतिहास हिंदू काळ आणि मुसलमानी काळ असा कापणाऱ्या इंग्रजी पुस्तकांतून ती आली आणि आज आपल्याकडच्या सिनेमांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, भाषणांत ती सुखाने नांदते आहे.

पानिपतवर या वाटणीची परीक्षा घेऊन पाहा. मराठ्यांच्या बाजूने इब्राहिम खान. अब्दालीच्या बाजूला शुजाउद्दौलाच्या फौजेत अनुपगिर गोसावी आणि त्याचे नागा साधू. हकिकत लिहिणारा ब्राह्मण अब्दालीच्या गोटातला. पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना रणातून वाचवून आणणारा राणेखान भिस्ती मुसलमान. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं, सरदार केलं. याच महादजींनी नंतर सॅव्हॉयहून आलेल्या द बॉयनकडून कवायती पलटणी उभ्या केल्या आणि १७९०मध्ये पाटण आणि मेडता इथं विजय मिळवले. त्या पलटणींत तेलंगे होते, नजीब होते.

आणि भाच्याला आठवलेले शनिवारवाड्यातले गारदी? ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून करणाऱ्यांत पुढे होते सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद युसूफ. नावं वाचा. दोन हिंदू, एक मुसलमान, आणि कट घरातल्या गादीचा. गारदी हा धंदा होता, जात नव्हती आणि धर्मही नव्हता. त्या धंद्यात इब्राहिम खानासारखा जबान पाळणारा होता आणि सुमेरसिंगासारखा विकला जाणाराही होता.

मराठीतले शब्दही हेच सांगतात. बंदूक हा शब्द अरबी, मूळ अर्थ एक कवचाचं फळ, मग गोळी, मग गोळी झाडणारं हत्यार. तोफ तुर्की. गोलंदाज फारसी, ज्याला आज आपण क्रिकेटच्या मैदानावर पाठवलंय. जंबुरा, म्हणजे उंटावरची फिरती छोटी तोफ, हा ‘जंबूर’ या फारसी शब्दावरून. त्याचा अर्थ गांधीलमाशी. सुतरनाळेतला ‘सुतर’ म्हणजे फारसी ‘शुतुर’, उंट. आणि रणात या शब्दांनी हुकूम सुटत तेव्हा तो ऐकणारा कोण आहे, हे कुणी विचारत नसे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९मध्ये तेव्हाच्या अहमदनगरात ओतली गेली, ओतणारा महंमद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडून आलेला उस्ताद. निजामशाहीत जन्मलेली ती तोफ आदिलशाहीच्या बुरुजावर बसली. तिच्यावर कुणाचं नाव लिहायचं?

आपल्याही हाती तीच लेखणी

इथं एक गोष्ट आपल्या लोकांनाही सांगायला हवी. लेबल खोडायचा अधिकार हाती आला की दुसरं लेबल चिकटवण्याचा मोह होतो. भाच्याने आधी तुकडीचं नाव ‘मुस्लिम मस्केटियर्स’ असं टाकलं होतं. मी विचारलं, का? तो म्हणाला, त्यांनी टाकलं तर आपण का नाही?

हा सवाल आपल्यात अनेकदा येतो. टिपू सुलतानच्या अग्निबाणांची गोष्ट सांगताना आपली छाती फुगते. फुगावी, लोखंडी नळीचे ते बाण १७८०मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांना भारी पडले आणि १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथून नेलेले नमुने पाहूनच विल्यम काँग्रीव्हने इंग्लंडमध्ये रॉकेटचं काम पुढे नेलं. पण त्या बाणांची दारू मूळची चीनची विद्या, लोखंड म्हैसूरच्या भट्ट्यांतलं, आणि टिपूच्या दरबारातला दिवाण पूर्णय्या. हे सगळं पुसून ‘मुसलमानी रॉकेट’ म्हणणं आणि पलीकडून ‘हिंदू मस्केटियर्स’ म्हणणं, यात फरक तो काय? इब्राहिम खानाला कुणी आज ‘चांगला मुसलमान’ म्हणून सर्टिफिकेट देतं, तेव्हा मला राग येतो. पण आपण त्याला कौमचा झेंडा म्हणून फडकवला, तर त्याच्यावर तोच अन्याय होतो. तो पगारी सेनापती होता, आपल्या माणसांच्या हक्कासाठी मालकाशी भांडणारा आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी धर्मबंधूंच्या फौजेवर चालून जाणारा. असा माणूस एका शब्दाच्या डबीत बसत नाही.

आणखी एक खटकणारी बाब आहे, ती लपवत नाही. शेवटी हा बंदुकांचा खेळ आहे. पडद्यावर माणसं पडतात आणि आकडा कमी होतो. पानिपतवर पडलेल्यांची घरं होती. त्यांच्या विधवा आणि हरवलेली पोरं कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. मॉड कितीही अचूक केला तरी ही उणीव राहणारच. म्हणून खेळ संपल्यावर पुस्तक उघडावं लागतं. माझं समाधान एवढंच, की या पोराने ते उघडलं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी हत्यारं आहेत, ती पाहायला जाऊ म्हणून तो मागे लागलाय. पुढे जमलं तर मोडी शिकायचं म्हणतो. घरात कुणीतरी फारसीही शिकावं असं मला वाटतं. आपल्याविषयी इतरांनी काय लिहिलं याची तक्रार आपण फार केली. मूळ कागद वाचू शकणारी माणसं मात्र आपल्यात बोटावर मोजण्याइतकी आहेत.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी त्याचं काम पुरं झालं. गणवेशाचा रंग थोडा भडक झालाय, बंदुकीचा पट्टा चुकीच्या खांद्यावर आहे, ते पुढच्या वेळी दुरुस्त करणार म्हणाला. नावाच्या रकान्यात आता फक्त ‘गारदी’ आहे. वर्णनाच्या ओळी त्याने मला वाचून दाखवल्या. दख्खनमध्ये कवायत शिकलेले पगारी शिपाई, चकमकीच्या बंदुका आणि संगिनी बाळगणारे, पोसायला महाग, पानिपतवर डाव्या बाजूला लढले, बहुतेक परतले नाहीत.

धर्माबद्दल त्यात काही नव्हतं. मी विचारलं, “आणि अपन किधर है?”

त्याने पडद्यावरच्या रांगेकडे बोट दाखवलं. सगळे सैनिक एकाच साच्यातून काढलेले, सारख्या पगडीचे. कोण कोण आहे ते ओळखता येत नव्हतं. “इसमेंच है मामू,” तो म्हणाला, आणि त्याने लॅपटॉप बंद केला.